सगळ्यांचे पाय ओळखणारा टब

मी एक जुना पत्र्याचा टब आहे, मित्रांनो. जरा थांबत थांबत बोलेन, रागावू नका. चाळीस वर्षं पाणी धरून धरून दमलोय. माझ्या एका कडीचं रिबीट सैल झालं आहे आणि बुडाला इतके पोचे आहेत की सपाट जमिनीवरसुद्धा मी डुगडुगतो.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने पत्रा कापला, गोल वळवला, टोकं एकमेकांत अडकवून ठोकली, काठात तार घालून तो दुमडला आणि बुडाची फट डाख लावून बुजवली. ठोकताना मी इतका बोंबललो की शेजारचा न्हावी बाहेर येऊन म्हणाला, "अरे बाबा, जरा दमाने! गिऱ्हाइकाचा कान जाईल माझ्या हातून!"

मला विकत घेतलं ते आजीने. तेव्हा ती आजी नव्हती. कडेवर एक गुटगुटीत मुलगा होता आणि नाकावर राग होता. तिने मला बोटाच्या पेराने टकटक वाजवलं, उजेडाकडे धरून भोक आहे का पाहिलं आणि पत्रेवाल्याला बजावलं, "गळला तर परत आणून तुझ्याच डोक्यावर घालीन." बिचारा पत्रेवाला. मी पुढे गळलो खरा, पण तोवर तो कधीच देवाघरी गेला होता.

त्या घरात मी काय काय केलं ते विचारू नका. त्या मुलाला माझ्यात आंघोळी घातल्या. दुपटी भिजवली, बटाटे धुतले, पाहुण्यांची भांडी विसळली. छत गळायला लागलं की मलाच खाली सरकवायचे. पण माझी खरी ओळख झाली ती पायांशी. बाहेरून आलं की पाय धुवायचे, तेही माझ्यातच, असा आजीचा कायदाच होता. म्हणून मी घरातला प्रत्येक पाय ओळखतो. मुलाचा पाय मोठा होत होत लॉरी चालवणाऱ्याचा राकट पाय झाला, ते सगळं माझ्यादेखत झालं.

मग त्याचं लग्न झालं आणि घरात सून आली. तिचे पाय मला क्वचितच भेटायचे, कारण ती घरातच असायची किंवा घाईत असायची. शनिवारी मात्र चादरी धुवायचा दिवस. मोरीत मी मावायचो नाही, म्हणून मला स्वयंपाकघराच्या दाराशी मांडायचे आणि ती पदर खोचून माझ्यात उभी राहून चादरी तुडवायची. आजी पाटावर बसून पाहायची. "अशा तुडवतात होय? पायात जीव आहे की नाही?" दर शनिवारी हेच. सून खाली मान घालून हसायची आणि जोरात तुडवायची. हसणं वरवरचं होतं. माझ्यात उभी होती ना ती, मला कळायचं.

काही वर्षांनी ती आई झाली. पहिली मुलगी थोरली, दुसरी भिंगरी. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नाही, पण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. आई रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायची. तिला अभ्यासाला वेळ कुठला? ती धडे माझ्याच काठावर शोधायची. कपड्यावरचा डाग निघेना की पुटपुटायची, "घासून कापड फाटेल, भिजत ठेवलेलं बरं. देवही आपल्याला असाच भिजत ठेवत असेल." मग साबणाचा कागद उलटा करून, ओल्या हाताने त्यावर दोन ओळी लिहायची. एकदा शाळेच्या सदऱ्याचं बटण माझ्या तळाशी हरवलं. साधं बटण, पण तिने सगळं गढूळ पाणी ओंजळी ओंजळीने उपसलं. सापडल्यावर हसून म्हणाली, "बघा, एवढ्याशासाठी मी एवढी वाकते, तर तो माझ्यासाठी किती वाकत असेल!" त्या रविवारी मुलांना बटणाची गोष्ट मिळाली.

तिची सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे प्रभूने कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले ती. दरवर्षी मुलांकडून ती करून घ्यायची आणि मला डोक्यावर घेऊन चर्चमध्ये न्यायची. माझ्या आयुष्यात कौतुक असं झालं ते तेवढंच. त्या गोष्टीत एक शिष्य असतो, कोळी. तो हटून बसतो की माझे पाय धुवायचे नाहीत म्हणजे नाहीत. ते काम दोन वर्षं भिंगरीकडे होतं. ती पाय पोटाशी घेऊन असा काही थयथयाट करायची की पाळकसाहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरायचे.

मग एका सकाळी आजीचं डावं अंग लुळं पडलं. जिच्या तोंडाचा पट्टा चाळीस वर्षं थांबला नव्हता, तिला एक शब्द काढायला घाम फुटू लागला. तिची खाट पुढच्या खोलीत आली. रोज संध्याकाळी आई मला तिथे न्यायची, कोमट पाणी ओतायची आणि आजीचे पाय धुऊन, पुसून, तेल लावायची. सकाळभर लाँड्रीत इस्त्रीला उभी, दुपारी स्वयंपाक, मग मुलींचं, मग आजीचं. बाबा लॉरी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. मी गळू लागलो होतो. ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला आलो की डाख लावून आणतो." अशा किती खेपा झाल्या, देव जाणे. आई आपली भोकात साबणाची वडी दाबायची आणि पुढचं काम हातात घ्यायची.

हळूहळू माझ्या काठावर धडे सापडेनासे झाले. साबणाचे कागद तसेच कोरे फेकले जाऊ लागले. एकदा ती नुसतीच माझ्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "प्रार्थनेला बसते तर डुलकी लागते रे देवा. कोरडीठाक पडलेय मी. दुसऱ्यांच्या लेकरांना काय पाजू?" त्याच दिवशी तिने पाळकसाहेबांना चिठ्ठी लिहिली, पुढच्या महिन्यापासून वर्ग घेणार नाही. ती अजून दिली नव्हती, पिठाच्या डब्याखाली ठेवली होती. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. पण टबाला कोण विचारतं?

आणि याहून वाईट गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तिच्या उजव्या टाचेची भेग चिघळली होती. आजीचा रक्तदाब तपासायला शेजारच्या नर्सबाई यायच्या, त्यांनी आईचं लंगडणं हेरलं. मागे माझ्याजवळ आणून टाच पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हे साधं नाही. पू वर चढतोय. औषध देते, रोज धुऊन पट्टी बांध, आणि आठ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. ऐकलं नाहीस तर पाय गमावशील."

"हो बाई, करते," आई म्हणाली. नर्सबाईंची पाठ वळली आणि मलमाची नळी डब्यांच्या मागे गेली. पायावर मोजा चढला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा इस्त्रीला उभी. मुलींच्या खोकल्याला रात्रंदिवस जपणारी ही बाई, आणि स्वतःच्या पायाबाबत अशी! मला बोलता येत असतं तर ओरडलो असतो.

त्यानंतरचा शनिवार उजाडला. दुपारी तिने मोजा काढला आणि चादरी घेऊन माझ्यात उभी राहिली. पांढऱ्या चादरी होत्या. चार-पाच वेळा तुडवल्यावर पाणी गुलाबी झालं. ती दात आवळून तुडवत राहिली. मी काय करू शकणार होतो? तेवढ्यात भोकातली साबणाची वडी विरघळून सुटली. खरं सांगतो, ते मी मुद्दाम केलं नाही, तेवढी माझी ताकद नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा गळताना मला लाज वाटली नाही.

पाणी उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत गेलं आणि थेट आजीच्या खाटेखाली पोचलं. आजीने उजव्या हाताने पेला खाटेवर आपटायला सुरुवात केली. थोरली अभ्यास टाकून धावली. "काय गं आजी, पाणी हवंय का?"

आजीने खाली बोट दाखवलं. "र...रक्त."

थोरली दाराशी आली. अलीकडे ती आईशी धड बोलत नसे, वय तसं होतं. "आई, पुन्हा गळतंय हे डबडं. आणि पाणी लाल का?"

"चादरीचा रंग जातोय गं. तू जा, अभ्यास कर."

थोरलीने वाकून चादरीचं टोक वर उचललं. पांढरं. तिने आईच्या पायाकडे पाहिलं. "कधीपासून? आई, कधीपासून हे?"

"काही नाही गं, भेग आहे. सोड मला, स्वयंपाक व्हायचाय, आजीचे पाय धुवायचेत..."

"आण," आतून आजी म्हणाली. "इकडे आण."

थोरली वैतागली. "आजी, आज एक दिवस थांब ना! तुझे पाय उद्या धुऊ."

"माझे नाही." आजीने दम घेतला. "तिचे."

थोरलीने मला ओढत खाटेपाशी नेलं, कोमट पाणी आणलं, आईला खुर्चीत बसवलं. आईने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "अहो आजी, काहीतरीच काय! तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा? घाण आहेत ते. नको, मला नाही चालायचं."

माझ्या भोकावर अंगठा दाबून भिंगरी खाली बसली होती. जन्मात पहिल्यांदा एका जागी. ती मान वर करून म्हणाली, "आई, तू त्या हट्टी कोळ्यासारखं करतेयस. अगदी माझ्यासारखं."

आई हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. हमसून हमसून रडली. मग तिने सावकाश पाय पुढे केला आणि पाण्यात सोडला.

थोरलीने आजीला खाटेच्या कडेला टेकवून बसवलं. आजी एकाच हाताने धूत होती. निम्मं पाणी बाहेर सांडत होतं. टाच हातात घेतल्यावर ती थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि ते बाहेर यायला फार वेळ लागला.

"पायात... जीव आहे की नाही... म्हणायचे मी," आजी म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडलं. "आहे गं, पोरी. आहे."

थोरलीने आईला विचारून डब्यांमागचं मलम काढून आणलं. पट्टी बांधून होईपर्यंत आई डोळे मिटून बसली होती. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं ही गोष्ट शिकवतेय. टॉवेल बांधणाऱ्याच्या बाजूलाच उभी राहिले सारखी. बसलेल्यांत माझीही जागा आहे, हे लक्षातच आलं नाही." आणि तिथेच खुर्चीत तिला झोप लागली. कुणीही तिला उठवलं नाही. संध्याकाळी थोरलीने बटाटे उकडले, त्यात मीठ दोनदा पडलं, तरी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले.

पाय वाचला, मित्रांनो. आठ दिवसांची सक्ती पंधरा दिवस चालली. बाबांना निरोप गेला, ते आले आणि 'पुढची खेप' एकदाची उगवली: माझ्या बुडाला नवा डाख लागला. रविवारचा वर्ग थोरलीने घेतला आणि आई मुलांच्या बाकावर, भिंगरीच्या शेजारी, पाय लांब करून बसली. पिठाच्या डब्याखालची चिठ्ठी तिने परत काढली, पण फाडली नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर पुढच्या धड्याच्या दोन ओळी लिहिल्या.

मी आता फार दिवसांचा सोबती नाही. पत्रा पातळ झालाय, भंगारवाला मला दोनदा वाजवून गेलाय. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्या घरातल्या सगळ्यांचे पाय जी धुते, तिच्या टाचा तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्यात? आज घरी गेलात की बघा. ती पाय मागे ओढून "नको" म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही तोवर पाणी कोमट करा.