बियाला ठेवलेल्या शेंगा

दोरा होता. शेंग नव्हती.

लाल, मेण लावलेला, वीतभर दोरा वेलीवर नुसता लोंबत होता, आणि त्याच्या मधोमध एक बारीक मुरड – आज सकाळी निघताना जिथे गाठ होती तिथे. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. शेजारचा दोराही तसाच. तिसरा खाली पुदिन्याच्या वाफ्यात पडलेला, ओल्या मातीने काळवंडलेला. औषधाच्या दुकानात रांग होती, जाऊन-येऊन तास-सव्वा तास झाला असेल, तेवढ्यात...

खार असेल, असं आधी वाटलं. पण खार गाठ सोडत बसत नाही. आणि ही गाठ तर त्याची होती. बाइंडिंगच्या दुकानात अडतीस वर्षं बोटांत बसलेली, दोनदा आत घेऊन ओढलेली. पुस्तकाची पानं झिजतील पण ती सुटायची नाही. ती सोडायला नखं लागतात, आणि वेळ.

दोरे त्याच्याच दुकानातले, बायको मागून घ्यायची. घेवड्याच्या वेलीवरच्या सगळ्यांत भरदार शेंगा निवडायच्या, त्यांना दोरा बांधायचा. म्हणजे त्या खुडायच्या नाहीत, वेलीवरच वाळू द्यायच्या, पुढच्या वर्षीच्या बियाला. "झाडाला ताईत बांधतेस की काय?" असं तो दर वर्षी विचारायचा, आणि दर वर्षी ती म्हणायची, "तुम्ही जन्मभर पुस्तकं शिवलीत, एक तरी वाचलंत का? मग गप्प बसा." लग्नात आईकडून रुमालाच्या टोकात बांधून आणलेले मूठभर दाणे, पांढरे, जांभळ्या ठिपक्यांचे... चाळीस वर्षं तेच चाललेले – दाण्यातून वेल, वेलीतून दाणा. सकाळी झारी घेऊन ती वाफ्यावर उभी राहायची आणि झालं की वर बघून म्हणायची, "पाणी आपण घालायचं. बाकीचं त्याचं तो बघेल." वर कोण आहे ते जणू तिला गच्चीवर बसलेलं दिसत होतं.

ती गेल्यावर डबीतले सगळेच्या सगळे दाणे त्याने यंदा पेरून टाकले. मागे काही ठेवायचं असतं हे सुचलंच नाही. ती असती तर ओरडली असती. पलीकडच्या शेजारणीकडेही तेच बी होतं, पण तिने वाफे बुजवून मोटार ठेवायला फरशी केली. बाकीच्या हिरव्याच खाल्ल्या गेल्या. म्हणजे बियाला ह्या तीनच शेंगा होत्या. जगात तीनच.

आतून फोडणीचा वास आला.

तो वास ओळखायला त्याला क्षणभर लागला, कारण सात आठवडे ह्या घरात फोडणी अशी झालीच नव्हती. तोच काहीतरी शिजवायचा, मीठ कधी दोनदा, कधी नाहीच. सून खोलीत असायची. पडदा लावलेला, ताट दाराशी ठेवलेलं, अर्धं परत आलेलं. तिला दिवस गेले होते; सहाव्या महिन्यात ते सगळं झालं, आणि दवाखान्यातून ती आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मुलगा कामावर लवकर जाई, उशिरा येई, जाताना एकदा म्हणाला होता, "बाबा, तिला काही विचारू नका. आणि हसवायला पण जाऊ नका." मुलाने असं बजावल्यावर तो काहीच करत नसे. पूर्वी तिला तो 'बाळा' म्हणून हाक मारायचा. आता तो शब्द घशापर्यंत येई आणि तिथेच बसून राही.

ती ओट्याशी उभी होती. केस विंचरलेले.

"हात धुवा बाबा. वाढतेच आहे."

"उठलीस?"

"बागेत जाऊन आले. कोथिंबीर फुलावर आलीय तुमची. दोन दिवस गेले असते तर वायाच गेली असती."

"आणि..." त्याने हात पुसायला फडकं शोधलं, ते हातातच होतं. "आणि शेंगा?"

"होत्या तीन, जून झालेल्या. दाणे सोलून घातले. तीन शेंगांत काय होणार, म्हणून बटाटा टाकला."

ती त्याच्याकडे बघत नव्हती.

ताटात दाणे तपकिरी दिसत होते. शिजल्यावर ठिपके जातात हे त्याला माहीतच नव्हतं; इतक्या वर्षांत त्याने ह्या वेलीच्या हिरव्या शेंगा पोटभर खाल्ल्या, पण बियाचा दाणा कधी तोंडात घातला नव्हता. तो मऊ होता. जिभेने दाबला की फुटत होता. चव चांगली होती – हेच सगळ्यांत वाईट होतं.

"मीठ बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"तुमच्यापेक्षा तरी?"

सात आठवड्यांनंतर ही थट्टा. हसायला हवं होतं. पण आत काहीतरी आवळत चाललं होतं, दोनदा आत घेऊन ओढल्यासारखं... मी काय बोलू हिला? हिचं दुःख मोठं, मान्य. पण माझं? ह्या घरात दोन गोष्टी संपल्या, आणि रडायचा मान एकीचाच? – देवा, हे कुठून आलं माझ्या मनात. हे मी कुणाबद्दल... त्याने घाईने घास घेतला, मग आणखी एक. ताट पुसून खाल्लं. दाणा शिल्लक ठेवला नाही.

दुपारी ती खोलीत गेल्यावर तो मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे सालंपाल्याचा खड्डा होता. गुडघे आता लवकर वाकत नाहीत. एक हात भिंतीला लावून तो खाली बसला आणि उकरू लागला. चहाचा चोथा, बटाट्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या. मग तीन टरफलं, शिवणीवर सरळ उघडलेली. दोन रिकामी. तिसरीच्या टोकाशी एक दाणा राहिला होता. पोचट, नखाएवढा, भरलाच नाही असा. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग टरफलाची दोन्ही पाती त्याच्यावर मिटवली आणि मातीखाली ढकलली.

"काय शोधताय?"

ती मागच्या पायरीवर उभी होती.

"काही नाही. चमचा. कधी कधी सालांबरोबर जातो."

ती पायरीवर बसली.

"बियाच्या होत्या त्या," ती म्हणाली.

तो वळला नाही.

"आईंनी दाखवलं होतं मला. लग्न होऊन आले त्याच वर्षी. माझ्याकडून दोरा बांधून घेतला, आणि माझी गाठ लगेच सुटली तर किती हसल्या होत्या."

"मग तुला..."

"माहीत होतं. खोलीच्या खिडकीतून दिसायच्या मला, पडद्याच्या फटीतून. सगळी बाग वाळत चाललेली, आणि ह्या तिघींना मात्र कुणी हात लावायचा नाही. ह्या पुढच्या वर्षीच्या. बघवेना."

तिने आपली नखं पाहिली. एकाखाली अजून लाल मेण होतं.

"एकेक गाठ केवढी घट्ट. कात्रीने पटकन झालं असतं, पण कात्री आणायला आत गेले असते तर परत बाहेर आले नसते." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "रागवा ना बाबा. सगळे नुसते हळू बोलतात माझ्याशी. कुणी रागवतच नाही."

सकाळपासून सांभाळलेला राग त्याने शोधला. तो होता, नक्की होता, जेवताना तर नीट गिळताही येत नव्हतं... पण आता हात घालावा तिथे नुसती पोकळी. ती वाट बघत होती. काहीतरी द्यायला हवं होतं.

"बटाटे फार जाड चिरलेस," तो म्हणाला.

तिने मान हलवली. शिक्षा मोजून घ्यावी तशी, गंभीरपणे. मग उठून आत गेली.

ऊन उतरलं होतं. ह्या दिवसांत ते लवकर उतरतं, आणि मागोमाग गारठा येतो. भिंत धरून तो उठला, वाफ्याशी आला, झारी उचलली. आणि वर, वेल जिथे सुतळी संपल्यावर उगाच हवेत चाचपडत होती, तिथे त्याला एक शेंग दिसली. सुईएवढी. फुलाची वाळकी टोपी अजून टोकावर. भरायला तिला महिना तरी हवा. गारठा तेवढा वेळ देईल असं दिसत नव्हतं.

त्याचा हात आपोआप खिशात गेला. सकाळी गोळा केलेले तिन्ही दोरे तिथे होते. एक काढून त्याने अंगठ्याने सरळ केला, पण मधली मुरड जाईना. बोटांनी गाठीचा पहिला वेढा घेतलासुद्धा... आणि ती तिथेच थांबली. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. मागे कोणी उभं होतं की नाही, कळत नव्हतं. दोरा बांधला तर शेंग लांबूनही दिसेल. तिला दिसेल. वरच्यालाही दिसेल. इतकी वर्षं त्याला वाटायचं की खूण करणं म्हणजे राखणं. आज त्या लाल दोऱ्याचीच भीती वाटली.

दोरा त्याने परत खिशात टाकला. झारी तिरपी केली. पाणी मुळाशी पडत राहिलं, माती ते पीत राहिली, आणि सवयीने त्याचे ओठ हलले.

"पाणी आपण घालायचं," तो पुटपुटला.

पुढचं वाक्य यायची त्याने वाट पाहिली. झारी रिकामी झाली होती, तरी ती तशीच तिरपी धरून तो उभा राहिला.