शेवटचा फर्मा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळतं. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. जगातल्या बऱ्याच माणसांच्या शेजारी असा ब्रेक घेऊन कुणीतरी बसायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. इतकी वर्षं तो मी दुसऱ्यांच्या चुकांसाठी दाबला. मंगळवारी मात्र शिकाऊ बाईंची काहीच चूक नव्हती, तरी दाबला.

या बाई ग्रंथपाल. चाळिशीच्या, हुशार, पण स्टिअरिंग हातात आलं की घामाघूम. त्यांची भीती घालवायला मी माझा हुकमी विषय काढला, 'वाऱ्याची टोळी'. माझ्या लहानपणी ही सहा पुस्तकांची मालिका निघाली होती. चार मुलं एक मोडकी हातगाडी घेऊन गावोगाव हिंडतात आणि नको तिथे नाक खुपसतात. सगळ्यात धाकटा ठेंगू. चार पावलं चालला की त्याला धाप लागते, पण मागे राहायचं नाव नाही. मी नऊ वर्षांची असताना छातीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणावर होते. ठेंगू टेकडी चढला तर मी जिना चढेन, एवढंच गणित मला तेव्हा येत होतं. अजूनही दरवर्षी मी सहाही पुस्तकं वाचून काढते. नवरा म्हणतो, चोरांची टोळी परवडली, पण ही आवर.

"अय्या, मीसुद्धा वाचलीत," बाई खुलल्या. गाडीही सरळ चालायला लागली. "पण शेवटी ठेंगू मरतो ना, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते."

मी ब्रेक दाबला. मागच्या टेम्पोवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"ठेंगू मरत नाही," मी म्हणाले.

"मरतो हो, मॅडम. सहाव्या पुस्तकात. तापात."

"बाई, ती पुस्तकं माझ्या बाबांच्या हातून छापून निघालीत. मला सांगता?"

हे मात्र खरं होतं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीत उचलून ओळी लावायचे. टोळीचं प्रत्येक पुस्तक दुकानात जायच्या आधी माझ्या उशाशी यायचं. शाळेतही एकदा एका मुलीने ठेंगूच्या मरणाचा विषय काढला होता, तेव्हा मी याच वाक्याने तिला गप्प केलं होतं. वाचनालयातली प्रत उघडून बघायची मला कधी गरजच वाटली नाही. घरी स्वतःची विहीर असताना शेजारच्या नळावर कोण जातं?

बाई बिचाऱ्या वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे प्रत आहे, बघू या का? मी म्हटलं, चला, आणि तुमची चूक निघाली तर आज रिव्हर्स शिकवणार. त्याला त्या फार घाबरायच्या.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी स्टुलावर चढून पुस्तक काढलं. तेच मुखपृष्ठ, तीच हातगाडी. माझं पुस्तक मला तोंडपाठ आहे, म्हणून मी थेट शहाण्णवावं पान काढलं. ठेंगू झाडाखाली पडलाय, बाकीचे तिघं त्याच्याभोवती. शेवटची ओळ अर्धीच: 'ठेंगूने डोळे मिटले आणि'. इथपर्यंत अक्षर न् अक्षर जुळत होतं.

माझ्या पुस्तकात समोरच्या पानावर येतं: 'म्हणाला, पाच मिनिटं झोपतो, मग निघू.'

वाचनालयाच्या पुस्तकात होतं: 'टोळी पहिल्यांदाच एकाने कमी झाली.'

पुढची पानं मी उभ्या उभ्या वाचली. खड्डा खणला होता, हातगाडी विकली होती, तिघं तीन वाटांनी गेले होते. मला स्टुलावर बसावं लागलं. घरातलं एखादं माणूस कधीच गेलंय आणि मला एकटीलाच कुणी कळवलं नाही, असं वाटत होतं. बाईंनी पाणी आणून दिलं. रिव्हर्सचं त्यांनीही काढलं नाही आणि मीही.

घरी आले तेव्हा, आई गेल्यापासून आमच्याकडेच राहणारे बाबा खिडकीपाशी पेपर पसरून नखं कापत होते. मी चप्पलही न काढता माझं सहावं पुस्तक कपाटातून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाचण्याऐवजी नुसतं पाहिलं. सत्त्याण्णवाव्या पानापासून कागद किंचित जाड होता. आजवर मला वाटायचं, शेवटची पानं मीच फार हाताळली म्हणून तशी झालीत.

"बाबा, ठेंगू मेला होता?"

त्यांनी नेलकटर खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

म्हणजे खरंच होतं. प्रवासभर मला आशा होती की ते हसतील आणि वाचनालयाची प्रत कशी चुकली ते सांगतील.

"सोळा पानांचा एक फर्मा असतो," बाबा सावकाश म्हणाले. "एका वेळी सोळा पानं छापतात. आधीचे फर्मे छापून झाले होते, शेवटचा राहिला होता. तोही मीच जुळवला, लेखकाने लिहिला होता तसा. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बोलावलं. तुझ्या ऑपरेशनबद्दल."

"ते किरकोळ होतं ना?"

"किरकोळ असतं तर मी असला उद्योग केला असता?"

मला कायम हेच सांगितलं होतं. एक छोटंसं ऑपरेशन, मग आठवडाभर लाड, मग शाळा. मी ते माझ्या मुलांनाही तसंच सांगितलंय, वर फुशारकीने, की मी जराही घाबरले नव्हते. घाबरायचं कारण मला कुणी दिलंच नव्हतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हणाले, ती मागेल ते द्या तिला. तू टोळीचं शेवटचं पुस्तक मागितलंस."

मी खाटेच्या कडेवर बसले. खरं सांगायचं तर रागही येत होता. कुणाचा, तेच कळत नव्हतं.

"सुट्टीच्या दिवशी मालकांकडून छापखान्याची किल्ली मागून घेतली," ते म्हणाले. "आधीच्या पानावर वाक्य अर्धं तुटलेलं. ते बदलता येत नव्हतं, तिथूनच पुढे जायचं होतं. एकच प्रत काढली. तुझ्या आईने पानं शिवली. मला कुठलं लिहिता येतंय? सोळा पानं भरता भरता जीव गेला. ती पोरं दोन पानं नुसती खातायत ना, ते त्यामुळे."

त्या दोन पानांवर मी शाळेत निबंध लिहिला होता. लेखकाला भूक किती खोल कळली होती, वगैरे. आणि याच माणसाला मी आजवर किती वेळा म्हटलं होतं, बाबा, तुम्हाला पुस्तकातलं काय कळणार, तुम्ही नुसते खिळे लावायचे.

"इतकी वर्षं बोलला नाहीत," मी ओरडलेच. "आईसुद्धा न सांगता गेली!"

"आधी म्हटलं, बरी होऊ दे. मग तू तो भाग सगळ्यांना पाठ म्हणून दाखवायला लागलीस. मग कसं सांगणार?"

मग जे नऊ वर्षांच्या मुलीने विचारायचं, तेच तोंडातून निघालं.

"मग तो उठल्यावर पुढे काय होतं? पुढचं काही ठरवलं होतंत?"

"पुढचं कशाला ठरवायचं?" बाबा म्हणाले. "तू घरी आलीस. दुसऱ्याच दिवशी दूध नको म्हणून भांडलीस. मी लिहायचं बंद केलं."

त्यांच्या उजव्या हाताची नखं राहिली होती. डाव्या हाताने त्यांना आता कापता येत नाहीत. मी नेलकटर उचललं आणि त्यांचा हात मांडीवर घेतला. मी रडत होते, मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"बोट कापशील," बाबा म्हणाले. "आधी डोळे पूस."