दोन इंच माया

आधी गाडी बांधायची आणि मग तिच्यात मावणारं माणूस शोधत फिरायचं, असला उलटा कारभार विद्यार्थीच करू शकतात. कॉलेजमागच्या शेडमध्ये तीस पोरापोरींनी वर्षभर खपून शर्यतीची गाडी उभी केली. वजन वाचवायच्या नादात ड्रायव्हरची जागा इतकी चिंचोळी झाली, की साडेसोळा इंचांहून रुंद खांद्यांचा माणूस आत शिरला असता, तर त्याला बाहेर काढायला गाडीच कापावी लागली असती.

गाडीच्या सांगाड्याचं सगळं वेल्डिंग एका मुलीने केलेलं, म्हणून तिचं नाव पडलं ठिणगी. पहिला पाइप जोडला त्या दिवसापासून ही गाडी आपणच चालवायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. ती कुणाला बोलली नव्हती, पण शेडमधल्या पंख्यालासुद्धा ते ठाऊक होतं.

कप्तानाने फर्मान काढलं, "शर्यतीच्या फेऱ्या चार, म्हणून सगळ्यांत अरुंद खांद्यांचे चार जण ड्रायव्हर. नियम म्हणजे नियम, वशिला चालणार नाही."

झालं, पत्र्याची मोजपट्टी घेऊन सगळे एकमेकांना मोजत सुटले. सुतळी नावाच्या काडीपैलवानाला पट्टी लागली की गुदगुल्या व्हायच्या. खुद्द कप्तानाचे खांदे सकाळी चौदा इंच भरले आणि दुपारी अठरा.

"मध्ये जेवलास तरी काय?" सुतळीने विचारलं.

तेव्हा ठिणगी मोठ्या दिमाखात पुढे आली. "माझे बाबा शिंपी आहेत. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलेलं नाही. बोलावू?"

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल अशा थाटात बाबा हजर झाले. कप्तानाने आधीच बजावलं, "काका, कपडे शिवायचे नाहीत. नुसतं अंगाचं माप द्या, माया धरू नका हं."

माया म्हणजे शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलंच, तर उसवून सैल करता येतं. बाबांना राग आला. "माया कुठे धरायची आणि कुठे नाही, हे मला शिकवतोस होय रे?"

तासाभरात मापांची एकोणतीस कार्डं भरली. शेवटी ठिणगी पुढे आली, तर बाबांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "हिचं कसलं माप घ्यायचं? झबल्यापासून मीच शिवतोय. तोंडपाठ आहे." आणि त्यांनी झोकात लिहिलं, खांदा साडेसतरा.

संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. सुतळी, दोघी जुळ्या बहिणी आणि सोळा इंचांवर चौथा खुद्द कप्तान. ठिणगीच्या नावापुढे फुली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भांडायचीही सोय नव्हती. बापाची फुशारकी तिनेच मारलेली, आता त्याचं माप खोटं कसं म्हणायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. बरं, बापाने शिवलेल्या ढगळ कपड्यांत ती दिसायचीही चांगली ऐसपैस, त्यामुळे कुणाला शंकासुद्धा आली नाही.

चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी सीटखालचा एक बोल्ट ढिला निघाला. बाहेरून हात पोचेना. वैतागून तिने अंगातलं जाड जाकीट भिरकावलं आणि सरळ सीटमध्ये उतरली. बोल्ट आवळला, मान वर केली, तर सगळे आ वासून बघत होते.

"अगं, तू मावलीस की!" सुतळी ओरडला. "वर दोन्हीकडे बोट जातंय!"

"शक्य नाही," कप्तान म्हणाला. "कार्डावर साडेसतरा आहे."

"मग कार्डाला बसव गाडीत!" असं म्हणून ठिणगी उतरली ती तडक दुकानात.

बाबा काज करत बसले होते. ती पाठ करून उभी राहिली. "बाबा, खांदा मोजा."

"अगं, पाठ आहे मला."

"मोजा म्हणते ना!"

बाबांनी टेप लावला. काढला. चष्मा पुसून पुन्हा लावला. साडेपंधरा.

"दोन इंच कुठे गेले?" तिने विचारलं.

बाबा खाली बसले. "ती माया होती गं. तुझं वाढतं अंग, म्हणून दर वेळी दोन इंच जास्त धरायचो. मायेसकटच पाठ झालं."

"बाबा, माझी वाढ थांबून पाच वर्षं झाली."

बाबा हातातला टेप गुंडाळू लागले. "मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

ठिणगी भांडायलाच आली होती, पण तिचा राग कुठल्या कुठे पळाला. ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि गुंड्यांचा डबा उगाच चिवडत राहिली.

सकाळी बाबांनी स्वतः शेडवर येऊन मायेचा घोटाळा कबूल केला आणि खरं माप सांगितलं. कप्तानाने कार्ड काढलं, हिशेब केला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. पाचव्या नंबरवर तोच जात होता. पोरगं सरळ मात्र होतं. "नियम म्हणजे नियम," असं पुटपुटत त्याने फळ्यावरचं स्वतःचं नाव स्वतःच पुसलं. "फक्त काका, कार्डावर खाडाखोड केली तर कारण लिहावं लागतं. लिहा, माया वजा दोन इंच."

बाबांनी साडेसतरावर काट मारून साडेपंधरा लिहिलं. पुढे मात्र पेन्सिल हलेना.

"असं कसं लिहू?" त्यांनी लेकीकडे पाहिलं. "वजा नाही गं झाली."

"मग काय झालं ते लिहा," ठिणगी म्हणाली.

बाबांनी पेन्सिलीला टोक केलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'माया आत दुमडली.'

ठिणगीने डोळे पुसले, हेल्मेट चढवलं आणि ती गाडीत बसली.