बाबांचा वस्तरा लावताना

अर्धांगाच्या झटक्याने आनंदरावांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. हट्ट तेवढा शाबूत राहिला. नागपूरजवळच्या वाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात लोखंडी खाटेवर पडल्या पडल्या त्यांची दाढी वाढत चालली होती, आणि ती कुणाला करू देतील तर शपथ!

मुलगा रोशन सलूनवाल्याला घरी घेऊन आला, तर म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग रोशनने दाढीचं मशीन आणलं, तर ते डाव्या हाताने उडवून लावलं. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. त्यांच्या गावचा न्हावी बौद्धांच्या वस्तीत पाऊल ठेवत नसे. तेव्हा आनंदरावांच्या बापाने कुठूनसा वस्तरा पैदा केला, स्वतःचे गाल कापून घेत शिकला आणि अख्ख्या वस्तीच्या दाढ्या करू लागला. तोच वस्तरा घेऊन आनंदराव नागपूरला आले. हिंगण्याच्या कंपनीत उभा जन्म काढला, पण सलूनच्या खुर्चीत कधी बसले नाहीत. आपल्या गालाला आपलाच हात, हा त्यांचा बाणा.

आता विहारातले सोबती भेटायला आले की ते चादर तोंडावर ओढून घेत. सोबती बिचारे खाटेजवळ थोडा वेळ बसत आणि निघून जात. मुलगी कामिनी हिला ते बघवेना. एक दिवस तिने पेटीतून वस्तरा आणि धार लावायचा दगड काढला.

"बाबा, मीच करीन तुमची दाढी. याच वस्तऱ्यानं."

आनंदरावांनी डाव्या हाताचं बोट आधी बोथट धारेकडे नेलं, मग दगडाकडे. आधी वस्तऱ्याला धार लाव, मग गालाला हात लाव, असा त्याचा अर्थ.

कामिनी जात्याच उतावीळ. भाजीची सुरी घासावी तसा तिने वस्तरा तिरपा धरला आणि दगडावर खसाखसा ओढला. आनंदरावांनी उशाचा चमचा डाव्या हाताने खाटेच्या दांड्यावर आपटला. टण्!

"आता काहून ठोकून राहिले?"

टण्!

मग त्यांनी डावा तळवा गादीवर सपाट टेकवला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. वस्तऱ्याची पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली पाहिजेत. पाठ उचलली की धार मेली. उलटवायचा तोही पाठीवरून. आणि जोर अजिबात लावायचा नाही, हे तर कामिनीच्या स्वभावातच नव्हतं.

रोज सकाळी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला जाण्याआधी, ती उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसे. पाठीमागे खाट. आनंदरावांना बघायची गरज नव्हती, नुसत्या आवाजावरून त्यांना कळे. मनगट हललं, टण्. घाई झाली, टण्. शेवटी ते डावा हात पुढे करत, ती त्याच्यावरच्या केसांवर वस्तरा लावून बघे. केस निघण्याऐवजी ओढले जात, आणि ते मान हलवत.

"तुमच्यापरीस आमचा साहेब बरा," ती वैतागून म्हणे. "तो निदान चहा तरी पाजते!"

त्यावर आनंदरावांचा चालता ओठ हसे. झटक्यानंतर ते हसत ते एवढंच. त्या हसण्यासाठी ती रोज ठोके ऐकायलाही तयार होती.

त्या रविवारी सोबती यायचे होते. कामिनी सकाळीच बसली. सुरुवातीला दोन-तीन ठोके पडले. तिने श्वास सोडला, मनगट सैल केलं. वस्तरा दगडावरून सरसर जाऊ लागला, जाताना आणि येताना एकच बारीक आवाज. ठोका नाही. ती थांबली नाही. तरी ठोका नाही. तिला इतका आनंद झाला की काम झालं तरी ती उगीच वस्तरा फिरवत राहिली.

"जमलं वाटते, बाबा," ती म्हणाली. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवून तिने साबणाचं पाणी घेतलं आणि वळली.

चमचा गादीवर पडला होता. आनंदराव गेले होते.

रोशन धावत आला. गल्लीतल्या बाया जमल्या. आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सलूनवाल्याले बोलवा गा, दाढी किती वाढली!"

"कोणी हात नाही लावणार," कामिनी म्हणाली.

तिने गालाला साबण लावला. वस्तरा लोण्यातून जावा तसा गेला. कुठे ओढला नाही, कुठे अडला नाही. दारात उभे असलेले सोबती रडू लागले. कामिनीला मात्र रडूही फुटेना. धार लागली होती, यात शंका नव्हती. पण ते गप्प राहिले ते धार लागलेली ऐकून, की त्याआधीच गेले होते म्हणून? आपण आनंदाने दगड घासत होतो तेव्हा मागे बाबा होते की नव्हते? हे तिला आता कोण सांगणार?

"ऐकलं नं बाबा तुमी?" तिने वाकून हळूच विचारलं. आणि मग दुसऱ्या गालावरून वस्तरा फिरवायला त्यांचा चेहरा वळवला.