आरशामागची रेघ

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक खोली आहे, तुमच्या वर्गाच्या निम्मी. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध कापड बेतायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा आणि शेजारी भिंतीला स्क्रूंनी आवळलेला माणसाएवढा आरसा. आता या खोलीत समुद्र आणून सोडा. खोल तळाशी जमीन हलली, पाणी उचललं गेलं आणि वस्तीत शिरलं. खोलीत ते किती चढलं असेल? गुडघ्यापर्यंत? गळ्यापर्यंत? नाही ना सांगता येत? त्या खोलीतल्या माणसांनाही येत नव्हतं. भोंगा वाजला तशी सगळी गल्ली टेकडीवर पळाली होती. पाणी बघायला मागे कुणी थांबलं नव्हतं, आणि ते बरंच झालं.

खोली होती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. त्यांची आठ वर्षांची लेक आईला टाचण्या द्यायची, म्हणून तिला सगळे टाचणीच म्हणत. गिऱ्हाइकाचं माप घेताना आकडा मोठ्याने वाचायचं कामही तिचंच. आई तो ऐकायची आणि खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहायची.

पाणी ओसरल्यावर गल्लीत निरोप आला की मोजणीवाले येणार. ज्या गल्लीत घरांमधून मीटरभराहून जास्त पाणी चढलं असेल, ती उठवून टेकडीच्या उतारावर वसवायची होती. आईला ते नको होतं. तिची सगळी गिऱ्हाइकं इथली, खालची. एक विजार आखूड करून घ्यायला टेकडी कोण चढणार?

पण पाहुणे येणार म्हटल्यावर घर घाण ठेवायचं कसं? साऱ्या गल्लीने पदर खोचले, बाह्या सरसावल्या आणि भिंती घासून लख्ख केल्या.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्या बाई उंबऱ्यात आल्या. चकचकीत भिंतीकडे त्या बघतच राहिल्या.

"ताई, या भिंती कधी पुसल्या?"

"कालच. तुम्ही येणार होतात ना."

"सगळ्या गल्लीने?"

"आमच्या गल्लीचं कामच तसं," दारातून इस्त्रीवाले काका अभिमानाने म्हणाले. त्यांचं दुकान शेजारीच होतं.

बाई स्टुलावर मटकन बसल्या. "घरात शिरलेलं पाणी काही वेळ थांबतं, तेव्हा भिंतीवर गाळाची रेघ सोडून जातं. तीच मोजायला आले होते मी."

"त्यात काय एवढं? मी सांगतो," काका आत आले. "पंख्यापर्यंत होतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी टेकडीवर होतो. पण माणसाला अंदाज असतो की नाही?"

"तुमचा अंदाज मला विचारा," आई म्हणाली. "कंबर बत्तीस म्हणून सांगता, आणि टेप म्हणते अडतीस."

"वहिनी, ते जुनं माप होतं."

"माप गिऱ्हाइकाला विचारून लिहायचं नसतं, भाऊजी. टेप म्हणेल ते लिहायचं. नाहीतर विजार तुमची आणि बोल मला."

बाईंना हसू आलं. तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावर गेली. निळ्या कापडावर तपकिरी, वेडीवाकडी कड उमटली होती. टाचणीने सवयीने टेप धरली आणि सेंटीमीटरच्या बाजूने वाचलं, "एकशे एकतीस सेंटीमीटर."

आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"थांबा ताई, हे धरता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाखालची एक चिंधी उचलली आणि तिचं टोक पेल्यातल्या पाण्यात सोडलं. "टाचणी, बघत राहा."

टाचणी डोळे बारीक करून बघत राहिली. पेल्यातलं पाणी जागेवरच होतं, पण चिंधीतला ओलावा हळूहळू वर सरकत होता. आधी बोटभर, मग दोन बोटं.

"पाणी इथवर, आणि कापड ओलं तिथवर," टाचणी म्हणाली.

"म्हणून कापडाची साक्ष घ्यायची नाही. ते वाढवून सांगतं."

"आपल्या काकांसारखं," टाचणी पुटपुटली. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाईंनी उठून चार दिशांना बघितलं आणि मान हलवली. "खूण नाही तर मागच्या गल्लीचा आकडा इथे लावावा लागेल. ती गल्ली जरा उंचावर आहे. तिथे भरलं ऐंशी."

"म्हणजे आम्ही इथेच राहणार?"

"बहुतेक."

आईचा जीव भांड्यात पडला. तिने चहाचं आधण ठेवलं आणि गुणगुणायला लागली. तिचं गुणगुणणं टाचणीने कितीतरी दिवसांनी ऐकलं.

काकाही खूश झाले. "ऐंशीच ना? मग पुढच्या वेळी मी काही ती टेकडी चढत नाही. हे गुडघे बघा माझे. इस्त्रीच्या टेबलावर बसून राहीन मजेत."

"मावशी," टाचणीने बाईंना विचारलं, "काका तसंच करतील?"

"करतात लोक. आकडा एकदा लिहिला गेला की त्याच्यावर विसंबतात."

टाचणी आरशापाशी गेली. आरसा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. तिथे खालच्या पट्टीवर ती आपली रंगीत बटणं ठेवायची. आज सकाळी बटणं शोधताना तिला आरशाच्या पत्र्याच्या पाठीवर एक रेघ दिसली होती, बारीक आणि सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. तिथे कुणाचं फडकं पोचलं नव्हतं, कारण पाहुणे काही आरशाच्या मागे बघत नाहीत. रेघ बरोबर तिच्या नाकाशी येत होती. आणि टाचणी होती एकशे पंचवीस सेंटीमीटर उंच. गेल्याच आठवड्यात आईने तिला मापलं होतं.

तिने आईकडे बघितलं. आई गुणगुणत कपात चहा गाळत होती. मग तिने काकांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

टाचणीने आईच्या गळ्यातली टेप हळूच ओढून घेतली.

"अगं, टेप कशाला आता?"

तिने टेपचं टोक जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्याने दाबलं, दुसरा हात फटीत घातला, गाल भिंतीला टेकवून आत बघितलं आणि रोज गिऱ्हाइकाचं वाचायची तसा आकडा मोठ्याने वाचला, "आई, लिही. एकशे बारा."