एडिथ मेच्या तीन फळ्या

शिडाच्या होडीच्या केबिनला दारं असावीत की फळ्या, या एवढ्याशा गोष्टीवरून नवराबायकोत अकरा वर्षं तेढ राहिली असं सांगितलं तर शहरातली माणसं हसतील. हसू देत. आमच्या सिग्नेट या किनाऱ्यावरच्या गावात कुणी हसणार नाही. इथे दर दुसऱ्या घरामागे एक अर्धी रंगवलेली होडी उभी आहे, आणि त्या प्रत्येक होडीमागे एक बाई आहे जिचं कुणी ऐकलेलं नाही.

आमची होडी एडिथ मे. माझ्या सासूचं नाव. मी लेस्टरला म्हटलं होतं, "बाबा रे, तुझ्या आईच्या पोटात मला कशाला शिरायला लावतोस?" त्याला विनोद कळला नाही. त्याला लाकूड सोडून फारसं काही कळतच नाही.

होडी आम्ही दोघांनी बांधली. लोक म्हणतात लेस्टरने बांधली, आणि तो ते खोडून काढत नाही. पण अंगाला फळी जोडायची तर तांब्याचा खिळा दोन माणसांशिवाय बसत नाही. बाहेरून खिळ्याचं डोकं तो लोखंडी ठोकळ्याने दाबून धरायचा, आणि मी आत गुडघ्यांवर बसून टोकावर चकती चढवायची आणि छोट्या हातोडीने ठोकून टोक चपटं करायची. असे किती हजार खिळे झाले कुणास ठाऊक. नऊ वर्षं, शनिवार-रविवार. डॉक्टरीण म्हणते माझ्या बोटांचा संधिवात आईकडून आला. आईची बोटं ऐंशीव्या वर्षापर्यंत सरळ होती. डॉक्टरणीशी मी वाद घालत नाही.

तर केबिनमध्ये उतरायच्या तोंडाला लेस्टरने फळ्या केल्या. ब्लॅकवुड लाकडाच्या, इंचभर जाड, तीन. दोन्ही बाजूंना उभ्या खाचा, त्यात वरून एकेक फळी सोडायची. खालची, मधली, वरची, आणि मग डोक्यावरचं झाकण सरकवून घ्यायचं. उघडायचं म्हणजे झाकण मागे लोटा, वरची फळी पार डोक्याच्या वर उचला, खाली ठेवा, मग मधली, मग खालची. खालची तर आमच्याकडे समुद्रावर काढतच नाहीत, ती ओलांडून पाय टाकायचा. दिवसातून वीस वेळा. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. साठीला आले तेव्हा माझ्या बोटांना चहाच्या डब्याचं झाकण उघडेना, तिथे ओली फळी काय उचलणार?

मी म्हटलं, "लेस्टर, दारं कर. छोटी दोन, बिजागरीवर."

तो म्हणाला, "दारं बंदरात चहा पिणाऱ्यांच्या होड्यांना असतात."

त्याचं म्हणणं खोटं होतं असं नाही. मागून मोठी लाट आली तर ती सगळी दारावर येते. बिजागरी उखडली की पाणी सरळ पोटात, आणि होडी गेली. फळी खाचेत असते, लाट तिला आणखी घट्ट दाबते. समुद्र ओलांडायचा असेल तर फळ्याच हव्यात, हे मलाही कळतं. माझे वडील रेशे बे नावाच्या खाडीतून मासेमारीला जायचे, मला कुणी लाटा शिकवायला नकोत.

पण ओलांडायचा कुठे होता समुद्र? "न्यूझीलंडला जायचंय, ग्लेनिस. टास्मान समुद्रात दारं टिकत नाहीत." दरवर्षी जानेवारीत जायचं. एका जानेवारीत शिडं जुनी झाली होती, एका जानेवारीत त्याचा मित्र केल्विन याची कंबर धरली, एका जानेवारीत वारा बरोबर नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. एडिथ मेने आजवर ब्रूनी बेटाच्या पलीकडचं पाणी पाहिलेलं नाही. आणि त्या कधीही न येणाऱ्या लाटेसाठी मी रोज फळ्या उचलायच्या.

मग पार्ट्रिज बेटापाशी ते झालं.

ईस्टरचा शनिवार. आम्ही नांगर टाकला होता, मी खाली सूप करत होते. केल्विनची होडी पलीकडच्या खाडीत होती. लेस्टर म्हणाला, "जरा जाऊन येतो." पाऊस सुरू झाला होता. तुला भिजायला नको म्हणून त्याने जाताना तिन्ही फळ्या लावल्या, वर झाकण ओढलं आणि मागे बांधलेल्या छोट्या होडक्यातून वल्ही मारत निघून गेला. चांगुलपणाने, बरं का. माणूस वाईट नाही, हे मला दर वेळी सांगावं लागतं.

अर्ध्या तासाने मला बाहेर यायचं होतं. तेव्हा होडीत संडास नव्हता, बादली होती, आणि बादली बाहेर सुकाणूपाशी. झाकण मी खांद्याने लोटलं तर ते डोकं बाहेर निघेल एवढंच सरकलं. फळ्या पावसाने फुगून बसल्या होत्या. आतल्या बाजूला धरायला त्याने मूठ ठेवलेली नव्हती, मूठ दिसायला वाईट दिसते म्हणून. मी लाटण्याने ठोकलं, सुरी घालून पाहिली, बोटं सोलवटली. मग डोकं बाहेर काढून हात हलवला. शेजारी दोन होड्या होत्या, छताखाली वाईन पीत बसलेली माणसं. एका बाईने हसून मलाही हात केला. मी ओरडले, तिने आणखी जोरात हात हलवला. वाऱ्याची दिशाच तशी होती.

तीन तास. शेवटी सूप मोरीत ओतलं आणि ते भांडं वापरलं. सांगायला लाज वाटते, पण मी सांगते, कारण माझ्या आधी त्याने सांगितलं. मी ते भांडं समुद्रात फेकून दिलं होतं, आणि तो येऊन विचारतो, "सूप कुठाय?" मी रडत रडत सांगितलं. तेव्हा त्याने मला जवळ घेतलं होतं. आणि हंगामाच्या शेवटी होडीवाल्यांच्या क्लबात, करी घातलेले शिंपल्यांचे पॅटिस खाताना, साठ माणसांसमोर त्याने उभं राहून ती गोष्ट सांगितली. हात हलवण्याची नक्कल केली, भांडंही सांगितलं. सगळे हसले. केल्विनची बायको हसली नाही, ती उठून बाहेर गेली. मी हसल्यासारखं केलं. बाई हसली नाही तर तिला विनोद कळत नाही असं म्हणतात ना.

घरी आल्यावर मी एकच सांगितलं. "दारं झाली की मी होडीवर येईन. तोपर्यंत नाही."

"म्हणजे धमकी?"

"नाही. माझी बोटं."

मी त्याला वाटही काढून दिली होती. बिजागरी अशी करायची की दार वर उचललं की निघून येईल. इथे फिरताना दारं, आणि जायचंच असेल कधी न्यूझीलंडला, तर दारं काढून ठेवायची आणि त्याच खाचांत फळ्या घालायच्या. चित्र काढून दिलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "होडी आहे ही, स्वयंपाकघरातलं कपाट नाही. आणि चौकट सगळी बदलावी लागेल. सहा महिन्यांचं काम आहे."

सहा महिने. मला वाटलं, असेल. सुतार तो, मी नाही. मनाची समजूत घातली की बिचाऱ्याला खरंच जमत नसेल.

अकरा वर्षं तो केल्विनबरोबर गेला. मी धक्क्यावर उभी राहून दोर सोडून द्यायची, आणि संध्याकाळी परत बांधायला जायची. सुकाणू त्याच्यापेक्षा मी चांगलं धरते, हे केल्विनही म्हणेल. आग्नेयेचा हलका वारा असला, हुओन नदीच्या मुखाशी पाणी गुळगुळीत असलं, की मला घरात बसवायचं नाही. मी बागेतल्या सफरचंदांवर राग काढायची. छाटून छाटून झाडांची पार दशा केली मी. दोन-चारदा बोलून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा लेस्टर चौऱ्याहत्तरचा झाला. हृदयाची झडप बदलली, डॉक्टरीण म्हणाली शिडं ओढणं बंद. होडी विकायला काढली. मेलबर्नहून एक जोडपं आलं, ह्यू आणि फिलिपा. पन्नाशीही नाही. चांगली माणसं, उगीच नावं ठेवणार नाही. होडी पाहून ह्यूचे डोळे भरून आले. फिलिपा मात्र केबिनच्या तोंडाशी थांबली. तिने वरची फळी उचलून पाहिली, परत ठेवली आणि मनगट चोळलं.

"रोज हे असं काढायचं, घालायचं?" ती म्हणाली. "मला टेनिसने मनगटाचा त्रास आहे हो."

मी धक्क्यावर चहाचा थर्मास घेऊन उभी होते. लेस्टर आता टास्मानच्या लाटेचं प्रवचन सुरू करणार म्हणून मी कपच भरायला घेतले.

"अहो, मग दारं करून देतो की," लेस्टर म्हणाला. "त्यात काय मोठंसं? चार दिवसांचं काम."

चहा माझ्या हातावर सांडला. कुणाचं लक्ष गेलं नाही, बरं झालं.

"आणि फळ्याही राहतील," तो तिला सांगत होता. "बिजागरी अशी करतो की दार उचललं की बाहेर. मोठ्या प्रवासाला त्याच खाचांत फळ्या घालायच्या. दोन्ही सोयी."

"किती हुशारीचं आहे," फिलिपा म्हणाली.

"सुचतं असं काही काही," लेस्टर म्हणाला.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं. ओरडले नाही. फ्लॅटहेड मासे तळले होते, त्यातला एक त्याला वाढला आणि विचारलं, "चार दिवस?"

"काय चार दिवस?"

"दारं. मला सहा महिने सांगितले होतेस."

त्याने काटा बाजूला काढला. "गिऱ्हाईक आहे ते, ग्लेनिस. बाई नाही म्हणाली तर नवरा घेणार नाही."

"आणि मी नाही म्हणाले तेव्हा?"

तो खरंच विचारात पडला. हिशेब जुळेना असं तोंड. मग म्हणाला, "पण तू तर येतच नाहीस ना होडीवर."

मला त्याला मारावंसं वाटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, छातीवर टाके असलेल्या माणसाला. मी उठून भांडी घासली.

चार दिवसही लागले नाहीत. बुधवारी दुपारी तो शेडमधून आला, केसांत भुसा. वयाने वीस वर्षं लहान दिसत होता. "जरा चल ना होडीवर. एक काम आहे."

"माझं काय काम?"

"दारं बघायची. तुझी बोटं अशी. तुला उघडता आली तर तिला येतीलच."

मी गेले. का गेले हे मला विचारू नका. धक्क्यावरून पाय टाकताना होडी किंचित कलली आणि माझे गुडघे आपोआप वाकले, अकरा वर्षांनी. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दारं सुंदर होती. तेच ब्लॅकवुड, वर हवेसाठी बारीक पट्ट्या, आणि आतून, बाहेरून दोन्हीकडे पितळी मुठी. मोठ्या, हाताच्या पकडीत नीट बसतील अशा. मी एका बोटाने ओढलं, उघडलं. आत उतरले, मागे दार लावून घेतलं, आतून ढकललं, उघडलं. परत लावलं. माझ्या बाकावर बसले. तिथून माझे खिळे दिसत होते, ओळीने. रडले, आणि रडले हे लपवणार नाही. सुख झालं होतं मला, याचाच जास्त संताप आला.

"होतंय ना?" तो बाहेरून विचारत होता.

मी दार उघडून डोकं बाहेर काढलं. "लेस्टर, ती माणसं शनिवारी येणार ना?"

"शनिवारी दुपारी."

"मग उद्या जाऊ या. दोघंच. हुओनच्या मुखापर्यंत आणि परत. शिडं मी ओढीन, हळूहळू ओढीन, तू नुसता बस. केल्विनलाही सांग हवं तर, तो मदत करेल. दारं झालीयत, मी येते."

मी विनवत होते. मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि तरी मी विनवत होते.

त्याने आभाळाकडे पाहिलं, मग दारांकडे. बोटाने कडेचं वार्निश चाचपलं.

"अजून चिकट आहे," तो म्हणाला. "ये-जा केली तर ओरखडे पडतील. तिच्यासाठी नवंकोरं दिसायला हवं."

मी दाराच्या मुठीवरची बोटं काढून घेतली.

"ते जाऊ दे. दारं कशी वाटली, ते सांग. कुठे अडतंय का?"

"डाव्या दाराची वरची बिजागरी घट्ट आहे," मी म्हटलं. "बोटावर ताण येतो."

त्याने लगेच खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघ्यावर बसला आणि ती सैल केली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.