वखारीत न खोकणारं पोर

चमत्कार बघायला जमलेल्या गर्दीनं निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. तंबाखूच्या ज्या धुरळ्यात धडधाकट माणूस शिंकून बेजार होतो, तिथे नागुबाईचा दोन वर्षांचा दमेकरी भरमू पाटीत शांत झोपला होता. ना खोकला, ना शिंक!

"बघा! छातीतलं पिशाच आमच्या अंगाऱ्यानं थेट हिमालयात धाडलं!" अंगारेबाबा गरजले. पिशाचाचं गाडीभाडं कुणी भरलं, हे कुणी विचारलं नाही.

नागुबाईला तर विचारायची सोयच नव्हती. नवरा साथीत गेलेला. पोर खोकलं की तंबाखू चाळणारा हात थांबे, हात थांबला की मुकादम तिला घरी हाकलत असे. आठ दिवस पोराला मधातून बाबांचा अंगारा चाटवला आणि काम सुरळीत झालं. पण आज भरमू दूधही ओढेना. ओठ निळसर दिसले तशी ती किंचाळली.

समोरच्या दवाखान्यातून डॉक्टर आण्णासाहेब धावत आले. त्यांनी भरमूची पापणी उचलली.

"आक्का, या अंधारात डोळ्यातली भावली मोठी व्हायला पायजे. ही बघ, राळ्याच्या दाण्याएवढी बारकी. काय चाटवलंस?"

"द्येवाचा अंगारा, डाक्टर."

डॉक्टरांनी तिच्याकडची उरलेली पुडी घेऊन अंगारा तिच्याच तंबाखूच्या चाळणीत ओतला. राख खाली गेली, वर तपकिरी चिकट खडे राहिले. शेजारी तंबाखू चाळणाऱ्या म्हाताऱ्या राजाबाईनं एक खडा हुंगला.

"अगं, ही तर अफू! पोरं निजवाया देत्यात ती."

"खोकला बरा न्हाय झाला, पोर अफूच्या गुंगीत पडलंय," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक बोट चाटवलं असतंस तर श्वासबी थांबला असता. बाबा, तुम्हीच खावा की मूठभर!"

"आज आमचं मौन आहे!" बाबा ओरडले आणि दाराकडे सरकले. बायकांनी दार अडवलं.

नागुबाईनं कपाळ बडवून घेतलं. शेजारणी आपल्या पोरांना अफू देत, पण तिनं ती कधी घरात येऊ दिली नव्हती. आणि तीच अंगारा समजून स्वतःच्या बोटानं रोज चाटवली होती.

दिवसभर डॉक्टरांनी आणि बायकांनी पोराला झोपू दिलं नाही. तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं. दिवेलागणीला भरमू खोकला. नागुबाई हमसून रडली. "खोक, माज्या राजा, खोक!"

उद्या कामाचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. "तुजा तंबाखूचा ढीग आमी उरकू, तू त्याला दवाखान्यात ने," एवढं राजाबाई म्हणाली.

बायांनो, पोर गप्प झालं म्हणजे बरं झालं असं नव्हे. औषध देणाऱ्याला त्यात काय आहे ते विचारा. सांगत नसेल, तर तो कितीही मोठा महाराज असो, त्याचं बोटभरही पोराच्या तोंडात घालू नका.